अम्मीची शुगर आणि अम्मीचा रमजान

शाबान महिना लागला की आमच्या मोहल्ल्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न रोज ऐकू येतो. ‘भाई, रोजे में गोली कब लेनेकी?’ काउंटरवरचा पोरगा औषधाच्या पाकिटावर नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो, सकाळची सहरीला घ्या, रात्रीची इफ्तारला. झालं. मोहल्ल्यातल्या कितीतरी लोकांचा महिनाभराचा उपचार असा उभ्या उभ्या ठरतो. ही माणसं डॉक्टरकडे जात नाहीत, कारण डॉक्टर काय म्हणणार हे त्यांना पाठ झालेलं असतं. ‘रोजे करू नका.’ डॉक्टर असं म्हणणार आणि आपण तर रोजे करणारच, मग उगाच त्यांना विचारून त्यांचा अपमान कशाला करायचा, असा त्यामागे एक सभ्य विचारही असतो.

डॉक्टर एक सांगतात, पेशंट दुसरंच करतो, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. मधुमेहाच्या बाबतीत आपल्या समाजात जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं या न बोलण्यात होतं, असं माझं मत आहे. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. २००१ साली भारतासह १३ देशांत मधुमेही मुसलमानांची एक मोठी पाहणी झाली, १२ हजारांवर लोकांची. टाइप टू मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे केले होते. शुगर एकदम खाली जाऊन दवाखान्यात न्यावं लागण्याचं प्रमाण या लोकांत रमजानमध्ये इतर महिन्यांच्या साडेसात पट झालं होतं. म्हणजे ‘करू नका’ हा सल्ला जगभर दिला गेला आणि जगभरच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी तो खाली मान घालून ऐकला आणि घरी येऊन सहरीचा गजर लावला.

माझी अम्मी त्यातलीच एक.

अम्मीला शुगर निघाली २०१० साली. पाठीवरचा फोड दीड महिना भरेना म्हणून रक्त तपासलं, तर उपाशीपोटी २४० च्या वर. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. सोलापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, आणि आसपासच्या चार गल्ल्यांतल्या बायकांची ब्लाऊजं तिच्याकडे. अंगाने बारीक. ‘इत्ती दुबली, इसकू कायकी शुगर?’ म्हणून खाला-फुफ्यांचा विश्वासच बसत नव्हता. खरं तर आपल्या लोकांचं दुखणं नेमकं हेच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासून दाखवलं. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात त्याच वजनाच्या गोऱ्या माणसापेक्षा चरबी पुष्कळ जास्त असते, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते. २०२३ मध्ये आयसीएमआरने देशभरच्या पाहणीचे आकडे दिले तेव्हा भारतात मधुमेही १० कोटींच्या वर निघाले. पण खाला-फुफ्यांना आकडे कोण सांगणार. त्यांच्या लेखी शुगर म्हणजे बसून खाणाऱ्या शेठाणीचा आजार.

अम्मी कधी बसून खाल्लीच नाही. आमच्या घरात, आणि मला वाटतं तुमच्याही, बाईचं जेवण शेवटी. आधी अब्बा, मग मुलं, आलागेला पाहुणा, आणि मग तव्यावर उरलेली भाकरी. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘जेवणाआधी अर्धा तास एक गोळी’. अम्मी एक वाजता गोळी घ्यायची, कारण एक वाजता घरात जेवण सुरू व्हायचं. स्वतः जेवायची अडीच-तीनला. मधल्या दीड-दोन तासांत हात थरथरायचे, घाम यायचा, ती चुलीपुढच्या उष्णतेला दोष द्यायची. गोळी जेवणाआधीची खरी, पण कुणाच्या जेवणाआधीची? ही गोष्ट चिठ्ठी लिहिणाऱ्याला सुचत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पेशंट म्हणून जो माणूस असतो त्याला ताट वाढून देणारं कुणीतरी असतं.

२०१८ चा रमजान मे महिन्यात आला होता. सोलापूरचा मे ज्याने काढलाय त्याला जास्त सांगायला नको. सहरीपासून इफ्तारपर्यंत चौदा तासांच्या वर. अम्मीने मेडिकलवाल्याच्या हिशोबाप्रमाणे सकाळची गोळी सहरीला घ्यायला सुरुवात केली होती. ही गोळी सल्फोनिलयुरिया गटातली, म्हणजे पोटात अन्न असो-नसो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी. नेहमीच्या दिवसात सकाळी गोळी घेतली की मागून नाश्ता, जेवण, चहा येत राहतो. रोजात तीच गोळी त्याच ताकदीची घेऊन पुढे चौदा तास काहीच नाही. पंधराव्या रोजाला असरच्या सुमारास ती मशीनवर बसल्या बसल्या भलतंच बोलायला लागली. भाभीला वाटलं ऊन लागलं. भावाने ग्लुकोमीटर लावला, ५२. सत्तरच्या खाली गेली की रोजा सोडायचा, हा नियम. ही बावन्नवर होती आणि साखरेच्या पाण्याचा चमचा ओठाला लावला तर तोंड घट्ट मिटून घेत होती. शुद्ध अर्धी गेलेली, पण इफ्तारला पावणेदोन तास आहेत एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं. शेवटी भावाने शेजारच्या मस्जिदीच्या मौलानांना फोन लावून तो तिच्या कानाला धरला. ते काय बोलले हे मला माहीत नाही, भावालाही नीट ऐकू आलं नाही. अम्मीने तोंड उघडलं.

त्यानंतर घरात निकाल झाला. अम्मीचे रोजे बंद. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, भावाने घरातली साखर कुलपात ठेवली, भाभीने भाताचं माप ठरवलं. सगळं तिच्या भल्यासाठीच. वर्षभरात तिची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीएवनसी नावाची तपासणी ९.२ वरून ७.१ वर आली. डॉक्टरांनी फाईलवर ‘उत्तम’ असं लिहिलं. फाईल खरंच उत्तम होती.

अम्मीचं काय चाललं होतं ते मी पुण्याहून २०१९ च्या रमजानमध्ये घरी गेलो तेव्हा पाहिलं. ती सहरीला सगळ्यांच्या आधी उठत होती. फेणी दुधात घालणं, भाकऱ्या थापणं, सगळ्यांना उठवणं, सगळं पूर्वीसारखं. पण इफ्तारला दस्तरखानावर बसत नव्हती. भजी तळत राहायची. ‘तुम बैठो, मेरा होता’. अजानच्या वेळी सगळ्यांचे हात खजुराकडे जायचे तेव्हा ती गॅसकडे तोंड करून उभी असायची. गल्लीतल्या बायकांनी ‘रोजा कैसा जारा?’ विचारलं की ‘अच्छा जारा’ म्हणायची. दुपारचं जेवण दार लोटून, आतल्या खोलीत, मुलांना दिसणार नाही असं. शेजारणीची चाहूल लागली की ताट पलंगाखाली. पंचावन्न वर्षांची बाई स्वतःच्या घरात चोरून भाकरी खात होती, आणि तिची शुगर एकदम काबूत होती.

लोक म्हणतील, कुरआनमध्येच सूट आहे की. आहेच. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयती स्पष्ट आहेत. आजारी आणि मुसाफिर यांनी नंतर दिवस भरून काढावेत, ज्यांना ते झेपतच नाही त्यांनी गरजूला जेवू घालावं. अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड करायचं नाही, हेही तिथंच सांगितलंय. अम्मीला या आयती माझ्यापेक्षा चांगल्या माहीत होत्या. पण सूट समजणं वेगळं आणि सूट सोसणं वेगळं. ‘मेरेकू कोई मना नै करा, ये मालूम है,’ ती म्हणाली होती, ‘लेकिन मैं किसमें हूँ अब?’ मी यात कुणात मोडते, असं तिला विचारायचं होतं. रमजान हा आपल्याकडे उपवासाचा महिना आहे हे अर्धंच खरं. तो सगळ्यांनी मिळून एका वेळेला उठायचा, एका वेळेला थांबायचा आणि एका वेळेला घोट घ्यायचा महिना आहे. त्यातून एखाद्याला वेगळं काढलं तर त्याच्या हातात नुसतं जेवण उरतं.

आणि रमजानच कशाला. शादीच्या दावतीत तिच्या पुढ्यात बिर्याणीची रकाबी आली की तीन टेबलांवरून नजरा यायच्या. ‘फुफी, आपको शुगर है ना?’ असं म्हणणारा आठ वर्षांचा पोरगासुद्धा तिला हटकू शकत होता. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची अर्धी वाटी घेतली तर दिवसभर घरात चर्चा. मधुमेह झालेल्या माणसाच्या ताटावर सगळ्या खानदानाची मालकी असते. अमेरिकेत १९९५ साली विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची एक यादी तयार केली, ती आता अनेक देशांत वापरतात. शुगर किती हे त्यात विचारत नाहीत. खाण्यावरून सतत अपराधी वाटतं का, घरचे समजून घेतात का, या आजाराने रोज थकवा येतो का, असं विचारतात. मी ती यादी वाचली तेव्हा वाटलं की ही अम्मीसमोर ठेवली तर वीसपैकी अठरा प्रश्नांना ती ‘हौ’ म्हणेल. पण फाईलवर त्याला रकाना नाही.

बदल झाला तो २०२२ मध्ये. भावाची बदली झाल्यामुळे नाही, चमत्काराने नाही, तर जुने डॉक्टर गावाबाहेर गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसायला लागली म्हणून. मराठी, हिंदू, लातूरकडची मुलगी. आपल्या लोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं, ‘उनको रोजे का क्या मालूम’. तिला मालूम होतं. तिने फाईल बाजूला ठेवून अम्मीला विचारलं, ‘तुम्हाला या आजाराचा सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ अम्मी पाय दुखतात म्हणेल, रात्री तळवे जळतात म्हणेल, असं सोबत गेलेल्या भाभीला वाटलं. अम्मी म्हणाली, ‘मी जेवताना कुणी बघू नये.’

मग त्या डॉक्टरणीने रोजाचा विषय स्वतःहून काढला. २०२१ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी एक मार्गदर्शिका काढली आहे, तिच्यात प्रत्येक पेशंटला गुण देऊन धोका मोजायची रीत आहे. मधुमेह किती वर्षांचा, एचबीएवनसी किती, कुठली औषधं, पूर्वी शुगर कधी कोसळली होती, किडनी-डोळे-पाय कसे आहेत, घरी तपासता का, अंगमेहनतीचं काम आहे का, मागचा रमजान कसा गेला, रोजा किती तासांचा. बेरीज तीन गुणांपर्यंत असेल तर धोका कमी, सहापर्यंत मध्यम, त्याच्या वर जास्त. जास्त धोक्याच्या माणसाने रोजा करूच नये, मग तो कितीही पाच वक्ताचा नमाजी असो. अम्मीची बेरीज मध्यममध्ये आली. डॉक्टरीण म्हणाली, ‘माझा सल्ला न करण्याचाच आहे. पण करणार असाल तर मला सांगून करा. रमजानच्या आधी दीड-दोन महिने या.’

हे ‘मला सांगून करा’ अम्मीने घरी येऊन पाच वेळा तरी सांगितलं.

२०२३ चा रमजान मार्च अखेरीला लागला. त्याआधी गोळ्यांची फेरमांडणी झाली. ती जुनी गोळी गेली, तिच्या जागी शुगर सहसा खाली न पाडणारी दुसरी आली, तीही इफ्तारला. शाबानमध्ये दोन नफील रोजे करून पाहिले, आकडे डॉक्टरणीला दाखवले. सहरीत फेणीऐवजी ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं, दही. तेही सहरीची वेळ संपायच्या शेवटच्या अर्ध्या तासात, रात्री दोनला खाऊन झोपायचं नाही. इफ्तारला एक खजूर, पाणी, मग नमाज, मग जेवण. रंगीत सरबत बंद. तरावीहच्या आधी एक तपासणी. सलग रोजे नाहीत, एक दिवसाआड. दिवसातून चार वेळा बोट टोचून पाहायचं. बोट टोचून रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, हे उलेमांनी कधीच सांगून ठेवलंय. तरी आपल्याकडे निम्मे लोक त्या एका थेंबाला घाबरून तपासतच नाहीत. सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर त्या क्षणी रोजा सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी. (हा अम्मीचा बंदोबस्त आहे. वाचून कुणी आपल्या गोळ्या हलवू नयेत. इन्सुलिनवाल्यांचा आणि टाइप वनवाल्या मुलांचा हिशोब अगदीच वेगळा असतो.)

त्या वर्षी तिने अकरा रोजे धरले, दहा पूर्ण झाले. एक साडेचारला सोडला, ६६ आली होती. तीन चमचे साखर पाण्यात घालून तिने स्वतःच्या हाताने घेतली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं आणि वहीत आकडा लिहिला. मला फोन करून सांगितलं, आवाजात काही नव्हतं. बाजारात भेंडी मिळाली नाही असं सांगावं तसं.

पैशाचं सांगायला हवं, कारण या सगळ्या शहाणपणाला पैसे लागतात. ग्लुकोमीटरची एक पट्टी वीसेक रुपयांना पडते. दिवसाला चार म्हटलं तर त्या एका महिन्यात दोन ब्लाऊजांची शिलाई नाही, दहा-बारा ब्लाऊजांची जाते. जनऔषधी केंद्रातून गोळ्या स्वस्त मिळतात, त्याने थोडं भागतं. आपल्या मस्जिदींत इफ्तारवर इतका खर्च होतो, फळांचे ट्रे, समोसे, सरबताचे ड्रम. त्यातून असरच्या वेळी एक ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांचा डबा ठेवणं कुणाला जड जाऊ नये. आणि शाबानच्या एखाद्या जुम्म्याला खुतब्याआधीच्या बयानात पाच मिनिटं यावर बोललं तर हजार घरांत पोचेल. बायकांपर्यंत मात्र पोचणार नाही, त्या तिथं नसतात. त्यांच्यासाठी गल्लीतल्या इज्तिमात बोलावं लागेल.

पायांचं तर कुणीच बोलत नाही. दिवसातून पाच वेळा वजू करणारा माणूस स्वतःचे पाय पाच वेळा धुतो आणि एकदाही बघत नाही. बोटांच्या बेचक्यात पाणी तसंच राहतं, तिथं चिरतं, आणि मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेलेली असेल तर कळतही नाही. आमचे एक मामू एप्रिलच्या दुपारी दर्ग्याच्या फरशीवर अनवाणी चालले. घरी आल्यावर मामीला तळव्यांना आलेले फोड दिसले, मामूंना तोवर काहीच लागलं नव्हतं. दोन महिन्यांनी अंगठा काढावा लागला. हजला गेलेल्या मधुमेही लोकांचे पाय असेच भाजतात. अम्मीने वजूच्या जागी एक जुना सुती कपडा टांगलाय, बोटांच्या मध्ये पुसायला, आणि खाली टेकवून ठेवलेला एक आरसा, तळवा बघायला. सुईत दोरा ओवण्याच्या निमित्ताने डोळ्यांचं तर तिला रोजच कळतं. दोरा दोनदा चुकला की ती डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख काढते.

घरातले पहारे सैल झालेत, संपले नाहीत. भावाने साखरेचं कुलूप काढलं. दावतीत ती आता स्वतःच पहिली बोलते, ‘हौ, शुगर है मेरेकू, तीन घास खाती, गिन लेव’. लोक हसतात आणि आपापल्या ताटाकडे बघतात.

राहिले न धरलेले रोजे. मौलानांना विचारलं, ते म्हणाले, हिवाळ्यात लहान दिवसांत जेवढे जमतील तेवढे कजा करा, मुळीच जमणार नाहीत त्यांचा फिदया द्या. २०१९ पासून भाऊ फिदयाची रक्कम एकदम काढून एका मदरशाला देत होता. अम्मीला त्याची पावती दाखवायचा, ती मान हलवायची. २०२३ मध्ये ती म्हणाली, पैसे नको, जेवण मी देईन. ज्या दिवशी रोजा नाही त्या दिवशी दोन वेळचा डबा, स्वतःच्या हातचा. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे रिक्षावाले राहतात, एकटे, आजारपणाने रोजे सुटलेले. डबा त्यांच्याकडे जायला लागला. पहिल्या दिवशी तिने मोठ्या हौसेने पुलाव आणि गोड शेवया पाठवल्या. संध्याकाळी डबा परत आला तो शेवयांसकट, आणि आणणाऱ्या पोराच्या तोंडी निरोप, ‘चाचा बोले, मेरेकू भी शुगर है. कलसे भाकरी भेजना.’

दुसऱ्या दिवसापासून दोघांची भाकरी एकाच तव्यावर होते. डबा देताना ती पोराला रोज एक प्रश्न शिकवून पाठवते, चाचांना विचार, गोळी जेवणाआधीची आहे की नंतरची.